बैठकीच्या भिंतीतला पंखा

आमच्या गावात एक्झॉस्ट फॅनला उलटा पंखा म्हणतात. छताचा पंखा अंगावर वारं देतो आणि हा घरातलं वारं ओढून बाहेर टाकतो, म्हणून उलटा. इतकं साधं. पण या ‘उलटा’ शब्दाचा आमच्या घरातल्या शहाण्यांनी जो अर्थ लावला, तो आठवला की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. लोक म्हणतात, झालं गेलं सोडून द्यावं. का सोडावं? ज्यांनी केलं ते तर कधीच विसरून गेले. निदान मी तरी ध्यानात ठेवते.

घर आमचं माजलगावच्या अलीकडं, कालव्याखालच्या गावात. माझं माहेर घाटनांदूरचं, तिथं वडलांची पिठाची गिरणी होती. लग्न होऊन इथं आले तेव्हा सगळ्यात आधी काय दिसलं असेल तर बैठक. घराच्या पुढच्या अंगाला पत्रे टाकलेले, त्याखाली प्लास्टिकच्या खुर्च्या, एक बाज, आणि सकाळपासून दिवे लागेपर्यंत तिथं माणसं. माझे सासरे म्हणजे गावच्या राजकारणातलं मोठं प्रस्थ. आमच्याकडं सासऱ्यांना मामा म्हणायचं आणि सासूला आत्या. मामांकडं कोण येत नव्हतं? कुणाचा बांधाचा वाद, कुणाला कारखान्यात चिकटायचं, कुणाचा ऊस आधी तोडायचा, आणि कुणाला नुसताच चहा प्यायचा. एवढ्या सगळ्यांचा चहा आतून जायचा. आतून म्हणजे आधी आत्यांकडून, आणि मी आल्यावर आमच्या दोघींकडून.

स्वयंपाकघर बैठकीच्या बरोबर पाठीमागं. एका बाजूला भाऊबंदांची सामाईक भिंत, तिला हात लावायची सोय नाही. दुसऱ्या बाजूला धान्याची खोली. तिसरीकडं माजघराचं दार. बाहेरची म्हणावी अशी एकच भिंत, ती बैठकीची. त्या भिंतीत पूर्वी खिडकी होती. पत्रे टाकून बैठक सुरू झाली तशी ती विटा लावून बुजवली, कारण काय तर आतल्या बायांचं बोलणं बाहेर ऐकू येतं आणि बाहेरच्यांची नजर आत जाते. हे मला आत्यांनीच सांगितलं, भाकरी थापता थापता, अगदी सहज. मी विचारलं, “मंग तुमी काय म्हणलात?”

“मी काय म्हणणार? गवंडी आला, विटा लावल्या, गेला.”

नजर बाहेरच्यांची वाईट, आणि बुजवायची कुणाची खिडकी, तर आतल्या बाईची. वा रे न्याय!

त्या बुजवलेल्या खिडकीसमोर आत्यांनी आधी चूल फुंकली, मग स्टोव्हला पिना मारल्या, मग गॅस आला. गॅस आल्यावर सगळ्यांना वाटलं, सुटली बाई धुरातून. कशाची सुटते! लाकडाचा धूर गेला, पण फोडणीचा, तळणाचा, करपलेल्या पिठाचा धूर जाणार कुठं? त्यात आमच्याकडं ताटात ठेचा नसला तर माणसांना जेवल्यासारखं वाटत नाही. तव्यावर हिरव्या मिरच्या टाकल्या की तो खाट, तो तिखट धूर, घशात चढायचा आणि आत्या खोकायला लागायच्या. पदर तोंडाला लावून, एका हातानं मिरच्या परतत, खोकत खोकत. घरात कुणालाही तो खोकला ऐकू येत नव्हता, घड्याळाच्या टिकटिकीसारखा अंगवळणी पडला होता. मी नवी होते, म्हणून मला ऐकू यायचा.

नवऱ्याच्या मागं लागले, उलटा पंखा आणा. “बघू.” या माणसाच्या तोंडात ‘बघू’ हा शब्द सुपारीसारखा सदा असतो. पुढं पुढं आत्यांना जिना चढताना दम लागायला लागला, छातीत शिट्टी वाजायला लागली. तेव्हा मी सरळ बैठकीच्या दारात जाऊन उभी राहिले आणि चार माणसांसमोर म्हणाले, “मामा, आत्यांना लई दम लागतोय. भिंतीत उलटा पंखा बसवायचाय.”

चार माणसांसमोर मामा कशाला नाही म्हणतील? “बसवा की! बायांच्या सोयीला आपण कधी न्हाई म्हणलंय का?” म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या. त्या माना बघून मला हसावं की रडावं कळेना, पण पंखा आला.

वायरमन आला आणि आल्या आल्या त्यानं अक्कल पाजळायला सुरुवात केली. स्विच म्हणे बरोबर शेगडीच्या वर घेतो, तिथनं वायर जवळ पडते. म्हणजे तेल उडणार त्याच्यावर, वाफ बसणार त्याच्यावर, आणि आम्ही ओला हात जाळावरून नेऊन ते बटण दाबणार. मी म्हणाले, न्हाई, स्विच दाराजवळ घ्या. पंखा म्हणे हाताला येईल असा खाली बसवतो. मी म्हणाले, धूर वर चढतो, भोक वर पाडा, स्लॅबच्या खाली, शेगडीच्या थेट डोक्यावर नको, जरा बाजूला. दोन पिनांचा प्लग त्यानं पिशवीतून काढला तेव्हा तर मी तो परतच त्याच्या हातात दिला. लोखंडी अंगाचा पंखा, आणि त्याला अर्थिंग नाही? मी गिरणीवाल्याची लेक आहे. आमच्या वडलांनी आम्हा पोरींना अक्षरं शिकवायच्या आधी ‘आधी मेन बंद, मंग हात’ हे शिकवलं होतं.

“वैनी, तुमीच बसवा की मंग,” वायरमन वैतागून म्हणाला.

“बसवला असता,” मी म्हणाले, “पण मला मधनं मधनं चहा कोण आणून देईल?”

 शेवटी बसवला मी सांगितला तसा. बुजवलेल्या खिडकीच्या वरच्या विटा काढून लाकडी चौकट ठोकली, तिच्यात पंखा. बाहेरून जाळी, चिमण्यांनी काड्या आणून कोंबू नयेत म्हणून. जाळीच्या आत पत्र्याच्या झडपा, पंखा सुरू झाला की वाऱ्यानं बाहेर उघडतात, बंद झाला की आपोआप पडतात. मी माजघराचं दार उघडं ठेवलं, कारण बाहेर जाणाऱ्या वाऱ्याइतकं वारं आत यायला नको का? दार लावून घेतलं तर पंखा नुसता घरघरतो. मग उदबत्ती पेटवून पंख्यापाशी धरली. धूर सरळ रेघेसारखा गेला, झडपांतून बाहेर.

आत्यांनी त्या दिवशी मुद्दाम मिरच्या भाजल्या. तव्यावर हिरवागार ढीग टाकला आणि पदर हातात तयार धरून उभ्या राहिल्या. खोकला आला नाही. त्या मिरच्यांकडं बघत होत्या, पंख्याकडं बघत होत्या. मग म्हणाल्या, “ह्यो तर सगळं पिऊन टाकायलाय गं!” आणि लहान पोरीसारख्या हसल्या. मी त्या घरात आल्यापासून त्यांना असं हसताना पहिल्यांदा बघत होते.

दर अमावास्येला आम्ही दोघी पंखा पुसायचो. मेन बंद, प्लग काढायचा, मी स्टुलावर. फोडणीचं तेल वाफ होऊन पात्यांवर बसतं, त्यावर धूळ, आणि त्याचा असा चिकटा होतो की नखानं ओरबाडावा लागतो. तो तसाच राहू दिला तर पंखा जड होतो, वारं ओढत नाही, आणि खाली शेगडी पेटलेली असते, त्या तेलानं कधी पेट घेतला तर काय घ्या! गरम पाण्यात सोडा आणि साबण टाकायचा, फडकं बुडवून घट्ट पिळायचं आणि एकेक पातं पुसायचं. पात्याची कड धारेची असते, हात जपून. मोटारीवर पाण्याचा थेंब नाही. आत्या खालून फडकं पिळून देत. “ह्ये बग, ह्ये सगळं माझ्या छातीत गेलतं,” काळं पाणी बघून त्या एकदा म्हणाल्या. त्या हसत म्हणाल्या होत्या. मला हसू आलं नाही.

आता, पंखा वारं बाहेर टाकतो म्हणजे कुठं टाकतो? बैठकीत. दुसरीकडं कुठं भिंतच नव्हती. पहिल्यांदा माणसांना मजा वाटली. “आज भरीत दिसतंय मालक,” कुणी म्हणायचं, आणि भरीत खाऊनच जायचं. मग मिरच्या भाजायची वेळ आली की बाहेर खाकरणं सुरू व्हायचं. आतल्या बाईनं अर्धा जन्म तो खाट गिळला तेव्हा घरात पान हललं नव्हतं, आणि यांना दोन ठसके लागले तर लगेच कपाळाला आठ्या. एकदा माजलगावचे कुणी मोठे पुढारी आले होते. निवडणुकीचे दिवस. त्यांच्या हातात चहा आणि आत आत्यांनी लसणाची फोडणी दिली. पुढाऱ्यांना असा ठसका लागला म्हणे, की चहा त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर सांडला. मामांची मान खाली गेली. हे मला नंतर कळलं, कारण मी तेव्हा भाचीच्या बारशाला घाटनांदूरला गेले होते.

परत आले, हातपाय धुतले, दूध तापत ठेवलं. बघते तर शेगडीचा जाळ माझ्याकडं वाकायला लागला. बारीक केला तसा फुर्रकन विझला, आणि गॅसचा वास नाकात. घाईनं बटण बंद केलं. पंखा तर सुरू होता, मग जाळ आत का झुकतोय? आणि तेवढ्यात दुसरा वास आला, बिडीचा. आमच्या स्वयंपाकघरात, दुधाच्या पातेल्यावर, बिडीचा वास! उदबत्ती पेटवून धरली. धूर गपकन माझ्या डोळ्यांत.

तशीच बैठकीच्या दारात गेले आणि बाहेर वाकून बघितलं. जाळी काढून कोपऱ्यात उभी केलेली. पंख्याची मोटार बाहेरच्या अंगाला. झडपा उघडमीट करू नयेत म्हणून तारेनं बांधून टाकलेल्या. पंखा काढून सबंध फिरवून बसवला होता, आणि बैठकीतला धूर, धूळ, थुंकीचा वास, सगळं ओढून आत फेकत होता. आणि त्या पंख्याखाली खुर्च्या मांडून माणसं निवांत बिड्या ओढत बसलेली.

“मामा, ह्ये कुणी केलं?”

मामा अगदी प्रसन्न. “अगं, वायरमनला बोलावून घेतलं. पंखा उलटा बसला हुता, सुलटा करून घेतला. पंखा वारं द्यायलाच असतो की नाही? आता तुमाला आत गार वारं लागंल.”

आणि सगळे हसले. कुणीतरी म्हणालं, “मालकांनी सुनंला एसी बसवून दिला!” पुन्हा हसले.

मामांना खरंच वाटलं का, की उलटा पंखा म्हणजे उलटा बसलेला पंखा? की त्यांना सगळं कळत होतं आणि तो शब्द आयता सापडला म्हणून वापरला? मला आजतागायत ठरवता आलेलं नाही. पहिलं खरं असेल तर गाव कशाच्या जोरावर चालवत होते देव जाणे. दुसरं खरं असेल तर मला बोलायचंच नाही.

आणि त्या वायरमनचं काय सांगू! फिरवताना वायर पुरेना, तर पठ्ठ्यानं तीन पिनांचा प्लग कापून टाकला आणि दोन तारांचा तुकडा जोडून दोन पिनांचा लावला. अर्थिंग गेलं. मोटार बाहेर, वर गळका पत्रा. वळवाच्या पहिल्या शिंतोड्यानंतर मी पंख्याच्या अंगाला टेस्टर लावला तर दिवा लागला. वीज उतरली होती लोखंडात. मी त्याच पावली प्लग काढला आणि वायरमनला फोन केला. “मालक म्हणले तर फिरवतो वैनी,” तो म्हणाला. मालकांना सांगितलं तर, “निवडणूक होऊ दे.” नवऱ्याला सांगितलं तर, “दमानं घे जरा.” दम इथं कुणाला लागत होता आणि दमानं कुणी घ्यायचं?

तर आता पंखा बंद. पण भोक तर होतंच. उघडं ठेवलं तर बिडीचा धूर आत येणार. मी पोतं लावलं, तर आमचा धूर आत कोंडणार. म्हणजे बायांनी ठरवायचं, आज कोणता धूर खायचा. आत्या पुन्हा पदर तोंडाला लावून उभ्या राहायला लागल्या, आणि तेच मला जास्त लागलं. त्या हसल्या नसत्या एकदा, तर कदाचित मीही गप्प बसले असते.

निवडणुकीचा जोर वाढला तशी बैठक फुगली. एक दिवस निरोप आला, तीस-चाळीस माणसांची भजी करा. उन्हाळ्याची दुपार, खाली तेल, वर स्लॅब तापलेला. घाण्यामागून घाणे काढत होतो. धूर इतका कोंडला की समोरची मांडणी दिसेना. आत्यांनीच शेवटी पोतं ओढून काढलं, जरा तरी हवा येईल म्हणून. तर तिकडून बिड्यांचा लोट आला. त्यांनी एकदा खोकल्यासारखं केलं. मग खोकलाही येईना. ओट्याला धरून त्या खाली बसल्या, मान पुढं काढली, तोंड उघडं, आणि आत काही जाईना. ओठ काळेनिळे पडायला लागले. मी गॅस बंद केला, त्यांना धरलं, माजघराकडं ओढत न्यायला लागले.

आणि तेव्हा, त्या भोकातून, बाहेरून आवाज आला, “वैनी, भजी कुठं अडकली?”

मी काय ओरडले ते इथं लिहिण्यासारखं नाही. पण त्या भोकाचा तेवढा एक उपयोग झाला, की बैठकीतल्या प्रत्येकाला ते स्वच्छ ऐकू गेलं.

जीपमधून आत्यांना अंबाजोगाईला नेलं. तोंडाला वाफेचं नळकांडं लावलं, सुया दिल्या, तासाभरानं त्यांच्या छातीची शिट्टी जरा उतरली. डॉक्टर तरुण होते. कागदावर काहीतरी लिहीत त्यांनी विचारलं, “घरात बिडी-सिगारेट कोण ओढतं?”

“कुणीच न्हाई,” आत्या म्हणाल्या, श्वास घेत घेत. “आमच्या घरात व्यसन न्हाई.”

“आमच्यात सुपारीसुद्धा कुणी खात नाही,” मामा छाती काढून म्हणाले.

डॉक्टरांना पटेना. “स्वयंपाकघरात हवा खेळती आहे का? एक्झॉस्ट फॅन आहे?”

“हाय की,” मामा म्हणाले.

मग मी सांगितलं. सगळं सांगितलं, बैठक, बिड्या, फिरवलेला पंखा, भोक. डॉक्टर आधी माझ्याकडं बघत राहिले, मग मामांकडं. “पंखा आत धूर फेकतो?” त्यांनी पुन्हा विचारलं, ऐकण्यात चूक झाली असेल म्हणून. मामांनी खिशातून मोबाइल काढला आणि त्यात बघायला लागले. डॉक्टर म्हणाले, छातीचं जे गेलं ते परत येणार नाही, जे राहिलंय ते सांभाळा. दुसऱ्यांदा असा झटका आला आणि पोहोचायला उशीर झाला तर मला काही करता येणार नाही. आत्यांना ओढायचा पंप दिला आणि तो कसा ओढायचा ते शिकवलं.

येताना जीपमध्ये मला वाटलं, आता तरी मामा वायरमनला फोन करतील. घरी आलो, बैठकीत चार माणसं बसलेली होती, मामा त्यांच्यात जाऊन बसले. झालं. आमची चौकशी संपली.

मी नवऱ्याला फक्त एवढंच म्हणाले, “तीन तारांची वायर आणि तीन पिनांचा प्लग आणा.” त्यानं माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि ‘बघू’ न म्हणता गाडीला किक मारली. तेवढं त्याच्या बाजूनं लिहिते.

दुसऱ्या दिवशी सकाळी बैठक भरलेली. मी मेन बंद केला, टेस्टर लावून बघितला, कमरेला पदर खोचला, पाना-पेचकस घेतला, आणि स्टूल उचलून बाहेर गेले. बाहेरच जावं लागणार होतं, कारण त्या वायरमननं पंखा फिरवताना सगळे नटबोल्ट बाहेरून आवळले होते. आत त्याला चहा मिळायला वेळ लागत असेल. आमच्या घरची सून बैठकीत माणसं बसलेली असताना पाऊल टाकत नाही. मी खुर्च्यांच्या मधून वाट काढली, स्टूल भिंतीशी लावलं आणि वर चढले. डोक्यावरचा पदर पडला, पडू दिला. बोलणी बंद झाली. कुणी पाय वर घेतले, कुणी पत्र्याकडं बघायला लागलं.

“काय करायलीस ह्ये?” मामांचा आवाज चढला. “माणसं बसलेत, दिसत न्हाई का?”

“बसू द्या की मामा,” मी म्हणाले. “मला माणसं फिरवायची न्हाईत, पंखा फिरवायचाय.”

एवढी धट्टीकट्टी माणसं, पण उठून पंख्याचं ओझं धरावं असं एकालाही वाटलं नाही. स्टूल एका पायानं लंगडं, माझ्याखाली डुगडुगायला लागलं. आणि एकदम स्थिर झालं. खाली बघितलं तर आत्या. दोन्ही हातांनी स्टूल धरून उभ्या. त्यांच्या छातीतली शिट्टी मला वर ऐकू येत होती, म्हणजे खुर्च्यांतल्या माणसांनाही येत असणार.

“तू कावून आलीस बाहेर?” मामा त्यांच्यावर गरजले. “जा आत!”

आत्यांनी त्यांच्याकडं बघितलं नाही. स्टूल सोडलं नाही. “आत गेलं की दम लागतो मला,” म्हणाल्या.

भांडण नव्हतं ते. आवाजसुद्धा चढवला नव्हता. त्यांनी फक्त खरं सांगितलं होतं.

मी सावकाश सगळं केलं. मुद्दामच सावकाश. बोल्ट सोडले, पंखा बाहेर ओढून छातीशी धरला, फिरवला, चौकटीत बसवला. झडपांची तार तोडली. जाळी पुन्हा ठोकली. मग आत जाऊन नवी वायर, तीन पिना, अर्थिंगची हिरवी तार घट्ट आवळून, मोटार फडक्यानं कोरडी पुसून. मेन चालू केला, पंख्याच्या अंगाला टेस्टर लावला. दिवा लागला नाही. मग बटण दाबलं.

आत्या माझ्यामागून आत आल्या. पंप ओढला, जरा थांबल्या, आणि टोपलीतल्या मिरच्या मूठभर घेऊन तव्यावर टाकल्या. मी म्हणाले, आज राहू द्या, कालच तर दवाखान्यातून आलोय. त्या म्हणाल्या, “न्हाई. आजच.” आणि वरून आणखी एक मूठ टाकली. मी दुसऱ्या शेगडीवर बैठकीचा चहा ठेवला होता.

बाहेर खाकरणं सुरू झालं. मग शिंका. मग कुणीतरी खुर्ची सरकवली. मी दारातून बघत होते. मला वाटलं, आता मामा आत येतील, बटण बंद करतील, आणि मग जे काय व्हायचं ते होऊ दे. मी तयार होते. मामा उठले. डोळ्यांतलं पाणी उपरण्यानं पुसलं.

“चला बे,” माणसांना म्हणाले, “खुर्च्या उचला, तिकडं लिंबाखाली बसू.”

प्रत्येकानं आपापली खुर्ची उचलली. दोघांनी बाज धरली. अंगणाच्या पलीकडच्या कडेला कडुलिंबाची गार सावली होती, कायमच होती. तिथं खुर्च्या मांडल्या, बसले, आणि कारखान्याचं बोलणं जिथं थांबलं होतं तिथून पुढं सुरू झालं. माझा चहा अजून उकळलासुद्धा नव्हता.

आत्या माझ्या खांद्याशी येऊन उभ्या होत्या. रिकाम्या पत्र्याखाली बघत होत्या, आणि मग लिंबाकडं. तव्यावरच्या मिरच्या करपायला लागल्या तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

“एवढंच हुतं व्हय गं?” त्या म्हणाल्या.



“खुर्च्याच उचलायच्या हुत्या?” माझा दंड त्यांनी घट्ट धरला. “मंग मी इतकी वर्सं कावून खोकले?”

 याचं उत्तर ज्यांनी द्यायचं ते लिंबाखाली सावलीत बसून चहाची वाट बघत होते.